छोटा क्लब, मोठा मालक : नॉन-लीग फुटबॉलबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हॉलिवूडच्या दोन नटांनी घेतलेल्या रेक्सहॅम या फुटबॉल क्लबवरची मालिका पडद्यावर आल्यापासून पुण्या-मुंबईचे मित्र आणि सांगलीचे भाचे मला फोनवर एकच गोष्ट विचारतात : एखाद्या पैसेवाल्याने खेड्यातला क्लब घेतला, तर तो खरंच वर जातो का, आणि गेला तर तिथे टिकतो का? मी इंग्लंडच्या मिडलंड्स भागात राहतो. शनिवारी दुपारी तीन वाजता आठव्या पायरीवरच्या एका क्लबच्या कठड्याला टेकून उभं राहणं हा माझा अनेक वर्षांचा नेम आहे. या क्लबांवर माझा जीव आहे, म्हणून उत्तरं जरा सविस्तर देतो.

नॉन-लीग म्हणजे नेमकं काय?

इंग्लंडमध्ये वरच्या चार पायऱ्या म्हणजे प्रीमियर लीग, चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू. पुढे इंग्लंडबद्दल नुसतं ‘लीग’ म्हटलं की याच चार पायऱ्या. त्याखालचं सगळं नॉन-लीग. पाचवी पायरी नॅशनल लीग. सहावीवर तिचेच उत्तर आणि दक्षिण असे दोन विभाग, आणि त्याखाली फांद्या फुटत फुटत गल्लीतल्या संघापर्यंत. नॅशनल लीगचा विजेता आपोआप वर जाण्याची सोय १९८७ पासून झाली. त्याआधी लीगमधल्या क्लबांनी मतदान करून नव्याला घ्यायचं की नाही ते ठरवायचं, आणि बहुतेक वेळा ते जुन्यांनाच ठेवून घेत. २००३ पासून दोन क्लब वर जातात : एक थेट, एक प्लेऑफ जिंकून.

हा दोनच जागांचा दरवाजा लक्षात ठेवा. श्रीमंत मालकांचा पैसा सगळ्यात जास्त इथेच अडकतो. २०२२-२३ च्या हंगामात रेक्सहॅमचे १११ गुण झाले आणि नॉट्स काउंटीचे १०७. शंभराच्या वर गुण मिळवूनही नॉट्स काउंटीला प्लेऑफ खेळावा लागला. ते जिंकले म्हणून बरं, नाहीतर तेवढाच पगार आणखी एक वर्ष भरायची वेळ आली असती.

सरळ सांगा, छोट्या क्लबला मोठ्या मालकाची हौस झेपते का?

चढायला झेपते. टिकायला बहुतेकदा नाही. पाचव्या-सहाव्या पायरीवर पैसा ओतला की पाच-सहा वर्षांत वर जाता येतं, हे अनेकांनी करून दाखवलं आहे. पण तो डोलारा क्लबच्या स्वतःच्या खांबांवर उभा आहे की एका माणसाच्या खांद्यावर, हे तो माणूस बाजूला झाला की कळतं. आणि तो कधी ना कधी बाजूला होतोच. धंदा बसतो, तब्येत बिघडते, मन उडतं, कधी मरणही येतं. म्हणून मालकाकडे किती कोटी आहेत याच्याआधी मी हे बघतो : तो गेल्यावर क्लबच्या नावावर काय उरेल?

छोट्या क्लबकडे पैसा येतो कुठून?

गेटवरचं तिकीट, क्लबहाउसचा बार, चहाची टपरी, मैदानाभोवतीच्या जाहिरातींच्या पाट्या, सोडतीची तिकिटं आणि एफए कपच्या बक्षिसाचे पैसे. झालं.

आमच्या क्लबचे खजिनदार सत्तरीचे आहेत. सामना संपला की ते क्लबहाउसच्या कोपऱ्यातल्या टेबलावर बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा उघडतात, नोटा वेगळ्या करतात, नाण्यांच्या चळती लावतात. कार्डाने आलेले पैसे एका वहीत पेन्सिलीने लिहिलेले असतात. गेल्या हिवाळ्यात एकदा मी शेजारी बसून मोजायला मदत केली. २१० माणसं आली होती. मोठ्यांना १० पाउंड, म्हाताऱ्यांना आणि विद्यार्थ्यांना ६, लहान मुलांना फुकट. एकूण जमले सतराशेच्या आसपास. त्यातून रेफरी आणि दोन लाइन्समनचं मानधन, फ्लडलाइटचं बिल, फिजिओ, खेळाडूंचा प्रवासखर्च. डबा बंद करताना त्यात फार काही उरलेलं नव्हतं, पण काका समाधानी होते, कारण पाऊस असूनही सामना झाला होता. सामना रद्द झाला असता तर चहाबरोबर विकायला आणलेल्या पावांचा खर्चसुद्धा अंगावर पडला असता.

आता समजा अशा क्लबात एखादा मालक आला आणि त्याने १८ खेळाडूंना आठवड्याला सरासरी ५०० पाउंड द्यायचं कबूल केलं. आठवड्याला ९,००० झाले, महिन्याला ३६,०००. महिन्यात घरचे सामने साधारण दोन, म्हणजे गेटवर जमणार साडेतीन हजारांच्या आत-बाहेर. पगार गेटच्या दहापट. ही तूट मालकाच्या खिशातून भरायची, दर महिन्याला, न चुकता. आणि ५०० पाउंड ही वरच्या नॉन-लीगमध्ये काही डोळे दिपवणारी रक्कम नाही.

अशा हौशीतून क्लब बुडाल्याचं खरं उदाहरण आहे का?

आहेत, बरीच. माझ्या मनाला सगळ्यात लागलेलं उदाहरण रश्डेन अँड डायमंड्सचं.

नॉर्थॅम्प्टनशायर हा चपला-बुटांचा जिल्हा. नॉर्थॅम्प्टन टाउन क्लबला लोक ‘कॉबलर्स’, म्हणजे मोचीच म्हणतात. इथले मॅक्स ग्रिग्ज हे डॉक्टर मार्टेन्स बुटांच्या कंपनीचे मालक. १९९२ मध्ये त्यांनी रश्डेन टाउन आणि अर्थलिंगबरो डायमंड्स या दोन छोट्या क्लबांचं लग्न लावून दिलं. नदीकाठी नीन पार्क नावाचं सहा हजारांहून जास्त क्षमतेचं देखणं मैदान उभं केलं. त्या पायरीवर असं मैदान कोणाकडेच नव्हतं. २००१ मध्ये संघ लीगमध्ये पोचला, २००३ मध्ये तेव्हाच्या थर्ड डिव्हिजनचा, म्हणजे चौथ्या पायरीचा, विजेता झाला. ग्रिग्ज हा माणूस मनापासून क्लबवर माया करणारा होता, पैसे ओरबाडणारा नव्हता.

पण त्याच २००३ मध्ये कंपनीचा धंदा अडचणीत आला आणि बुटांचं बहुतेक उत्पादन चीनला गेलं. गावातले कारखान्यातले हात रिकामे झाले आणि क्लबचा झराही आटला. २००५ मध्ये ग्रिग्जनी क्लब चाहत्यांच्या ट्रस्टकडे सोपवला. पुढच्याच वर्षी संघ लीगबाहेर. २०११ मध्ये कर्जामुळे त्यांना नॉन-लीगच्या वरच्या स्पर्धेतूनही काढून टाकलं, आणि त्याच उन्हाळ्यात क्लब गुंडाळला गेला. स्थापनेपासून शेवटापर्यंत १९ वर्षं. नीन पार्क २०१७ मध्ये पाडलं. चाहत्यांनी २०११ मध्येच एएफसी रश्डेन अँड डायमंड्स नावाने नवा क्लब काढला आणि अगदी खालून सुरुवात केली.

इथे खलनायक शोधून सापडत नाही. मालक चांगला होता, मैदान चांगलं होतं, संघ चांगला होता. तरीही ते मैदान राखण्याचा खर्च आणि ते भरेल एवढी वस्ती यांचा मेळ कधी बसलाच नाही. पैसा असेपर्यंत ते कोणाच्या डोळ्यावर आलं नाही, एवढंच.

स्कॉटलंडच्या ग्रेटनाचं काय झालं?

ग्रेटना हे इंग्लंडच्या सीमेवरचं जेमतेम तीन हजार वस्तीचं गाव. शेजारचं ग्रेटना ग्रीन पळून जाऊन लग्न करणाऱ्यांसाठी प्रसिद्ध. २००२ मध्ये एअरड्रिओनियन्स बुडाल्यामुळे रिकामी झालेली स्कॉटिश लीगमधली जागा या क्लबला मिळाली. पुढे ब्रुक्स माइलसन या उद्योगपतीच्या पैशावर २००५, २००६, २००७ अशा लागोपाठ तीन बढत्या. २००६ मध्ये स्कॉटिश कपची फायनल. हार्ट्ससारख्या क्लबला त्यांनी १-१ वर रोखलं आणि पेनल्टीवर हरले. गावाच्या लोकसंख्येपेक्षा जास्त पाठीराखे त्या दिवशी मैदानात होते म्हणतात, आणि मला ते खरं वाटतं.

मग स्कॉटलंडची प्रीमियर लीग आली आणि गावातलं मैदान नियमात बसेना. घरचे सामने दूर मदरवेलला, दुसऱ्याच्या मैदानावर. एप्रिल २००८ मध्ये इन्व्हरनेसविरुद्ध फक्त ४३१ प्रेक्षक आले. तोवर माइलसन गंभीर आजारी पडले होते, पैसा थांबला होता आणि मार्चमध्येच कारभार प्रशासकाच्या हाती गेला होता. उन्हाळ्यात क्लब संपला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये माइलसनही गेले.

एका माणसाच्या प्रकृतीवर आख्खा क्लब टांगलेला होता.

मग रेक्सहॅमला कसं जमलं? तिथेही बाहेरचेच श्रीमंत मालक ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. रायन रेनॉल्ड्स आणि रॉब मॅकएल्हेनी या नटांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये क्लब ताब्यात घेतला, २० लाख पाउंड घालायचं वचन देऊन. २०२३, २०२४, २०२५ अशा लागोपाठ तीन बढत्या घेऊन क्लब पाचव्या पायरीवरून चॅम्पियनशिपमध्ये पोचला. पाचवी ते दुसरी पायरी अशा ओळीने तीन बढत्या इंग्लिश फुटबॉलमध्ये त्याआधी कोणी घेतल्या नव्हत्या.

पण रेक्सहॅम छोटा क्लब कधीच नव्हता. तो मोठा क्लब छोट्या जागी अडकला होता. स्थापना १८६४ ची. रेसकोर्स ग्राउंडवर आजही आंतरराष्ट्रीय सामने होतात, आणि असं मैदान जगात याच्याहून जुनं नाही. १९२१ पासून ८७ वर्षं लीगमध्ये काढून २००८ मध्ये ते खाली आले होते. जिल्ह्याची वस्ती सव्वा लाखाच्या वर. म्हणजे सरपण कोरडं होतं, काडी लावणाराच हवा होता.

शिवाय पाया चाहत्यांनी घातला होता. २००४ मध्ये आधीच्या मालकाला मैदानाची जमीन विकायची होती, त्या भांडणात क्लब दिवाळखोरीच्या दारात गेला. २०११ मध्ये पुन्हा संकट आलं तेव्हा लोकांनी एका दिवसात एक लाखाहून जास्त पाउंड गोळा केले आणि ट्रस्टने क्लब हातात घेतला. पुढची दहा वर्षं त्यांनी हिशेब सरळ ठेवला. म्हणून २०२० मध्ये नवे मालक क्लब मागायला आले तेव्हा त्यांना ट्रस्टच्या सभासदांपुढे जाऊन मतं मागावी लागली. ९८.६ टक्के मतं होकाराची पडली.

आता पैशाचं. जून २०२३ ला संपलेल्या वर्षात उत्पन्न १ कोटी ५ लाख पाउंड आणि तोटा ५१ लाख. पुढच्या वर्षी उत्पन्न २ कोटी ६७ लाख, तोटा २७ लाख. त्यातलं निम्म्याहून जास्त उत्पन्न युरोपबाहेरून, मुख्यतः अमेरिकेतून आलं. मालकांनी नुसते पैसे टाकले नाहीत, क्लबला स्वतःची कमाई करायला लावली. मैदानाची मालकीही २०२२ मध्ये परत क्लबकडे आली. माझ्या मते पाच वर्षांतलं हे सगळ्यात मोठं काम, तिन्ही बढत्यांपेक्षा मोठं.

तरीही काळजी आहेच. ती कमाई गोष्टीच्या लोकप्रियतेवर उभी आहे. कॅमेरे दुसरीकडे वळले की किती उरेल, हे तेव्हाच दिसेल.

सॅलफर्डला तर मँचेस्टर युनायटेडचे खेळाडू मालक मिळाले होते. ते का थांबले?

गॅरी आणि फिल नेव्हिल, गिग्ज, स्कोल्स, बट यांनी २०१४ मध्ये सॅलफर्ड सिटी घेतला. सिंगापूरचे पीटर लिम बरोबर होते, पुढे बेकहॅमही आला. पाच हंगामांत चार बढत्या, मूर लेनचं मैदान नव्याने बांधलं, आणि २०१९ मध्ये वेम्ब्लीवर फाइल्डला ३-० हरवून लीग टू. पण त्यानंतरची वर्षं त्याच पायरीवर गेली.

कारण सॅलफर्डमध्ये उभं राहून आजूबाजूला पाहिलं की कळतं. एका बाजूला युनायटेडचं ओल्ड ट्रॅफर्ड, पलीकडे मँचेस्टर सिटी. तिथला पोरगा जन्मतःच लाल किंवा निळा असतो. मालक खेळाडू विकत आणू शकतो, तीन पिढ्यांचा पाठीराखा आणू शकत नाही. तिथे मनापासून येणाऱ्या थोड्या लोकांबद्दल मला फार आदर आहे, पण लीग वनचे पगार त्यांच्या तिकिटांतून निघत नाहीत.

वर चढलं की उत्पन्नही वाढतंच ना?

वाढतं. लीग टूमध्ये पोचलं की टीव्हीचा आणि लीगचा वाटा कैक पटीने मोठा होतो. पण काही उत्पन्न वर जाताना सुटतं, ते कोणी सांगत नाही.

सटन युनायटेडचं बघा. त्यांच्याकडे थ्रीजी, म्हणजे कृत्रिम गवताचं मैदान होतं. सकाळ-संध्याकाळ शाळा, मुलींचे संघ, हौशी मंडळी भाड्याने घेत. क्लब त्यावर चालत होता आणि गावही रोज क्लबात येत होतं. २०२१ मध्ये बढती मिळाली. लीग टूमध्ये कृत्रिम गवत चालत नाही, त्यामुळे ते उखडून खरं गवत लावावं लागलं. खर्च झाला तो झालाच, भाड्याचं उत्पन्नही गेलं, कारण खरं गवत रोज तुडवून चालत नाही. २०२४ मध्ये सटन पुन्हा खाली आले. त्याच वर्षी वर गेलेल्या ब्रॉमलीलाही हेच करावं लागलं.

फॉरेस्ट ग्रीन रोव्हर्सचा प्रवासही असाच चढ-उताराचा. ग्लॉस्टरशायरच्या डोंगरातलं नेल्सवर्थ हे सहा हजारांच्या आसपासचं गाव. हरित ऊर्जा विकणाऱ्या डेल व्हिन्स यांनी २०१० मध्ये क्लब घेतला, जेवण पूर्ण व्हेगन केलं, २०१७ मध्ये लीगमध्ये नेला. लीगमध्ये इतक्या छोट्या गावचा क्लब त्याआधी नव्हता. २०२२ मध्ये लीग टूचे विजेते, आणि मग २०२३ व २०२४ अशा सलग दोन घसरणी होऊन परत नॅशनल लीग. फरक एवढाच की मालक पळाला नाही, म्हणून क्लब उभा आहे.

मालक निदान नवं मैदान तरी बांधून देतो. ते राहतं ना?

डार्लिंग्टनला जाऊन विचारा. जॉर्ज रेनॉल्ड्स यांनी तिथे २५,००० खुर्च्यांचं मैदान बांधलं, २००३ मध्ये उघडलं. चौथ्या पायरीवरच्या त्या क्लबाला काही हजारच लोक येत. उघडल्यावर काही महिन्यांतच क्लब प्रशासकाकडे. पुढे आणखी दोनदा तीच पाळी. २०१२ मध्ये चाहत्यांना नवव्या पायरीवरून पुन्हा सुरुवात करावी लागली, आणि त्या पांढऱ्या हत्तीत आता रग्बी खेळतात. जुनं मैदान, फीदम्स, गावाच्या मधोमध होतं. तिथे लोक बाजारातून चालत जात.

पैसा बंद होतो तेव्हा नेमकं काय होतं?

आमच्या भागातल्या एका क्लबात मी ते पाहिलं आहे. नाव घेत नाही. मंगळवारी खेळाडूंना पगार आला नाही. गुरुवारी सरावाला सहाजण आले. शनिवारी संघाच्या पत्रकावर सतरा-अठरा वर्षांची पोरं, युवा संघातली. त्यांनी नऊ गोल खाल्ले. ऐंशीव्या मिनिटाला एका पोराने मध्यरेषेपासून चेंडू नेला आणि फटका मारला, तो गोलच्या बाहेरून गेला. कठड्यापलीकडची शे-दीडशे माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती, काही जणांचे डोळे भरलेले. धुलाई करणाऱ्या बाई स्वतःच्या पैशाने साबण आणून जर्सी धूत होत्या. खेळाडूंना दुसरे क्लब मिळाले. उरल्या त्या बाई, गेटवरचा माणूस आणि उधारी राहिलेला गावातला खाटीक.

मग सरकार, संघटना काही नियम करत नाहीत का?

करतात, पण पळवाटा मोठ्या आहेत. लीग टूमध्ये पगाराचा खर्च उत्पन्नाच्या ठरावीक टक्क्यांत ठेवायचा नियम होता, मात्र मालकाने भांडवल म्हणून घातलेला पैसाही गेली अनेक वर्षं उत्पन्नातच मोजला जाई. म्हणजे कर्ज रोखलं गेलं, परावलंबन नाही.

जुलै २०२५ मध्ये फुटबॉल कारभाराचा नवा कायदा झाला आणि स्वतंत्र नियामक आला. वरच्या पाच पायऱ्यांवरच्या क्लबांना आता परवाना लागणार, मालकाच्या पैशाची चौकशी होणार, मैदान विकायला परवानगी लागणार. २०१९ मध्ये बरी या जुन्या क्लबला लीगमधून काढलं तेव्हा आम्ही सगळेच हादरलो होतो. हा कायदा तेव्हा हवा होता. सहाव्या पायरीपासून खाली मात्र तो लागू नाही, आणि वेडी हौस तिथे सुरू होते.

चाहत्यांनीच क्लब चालवला तर?

गाव करी ते राव न करी, हे इथे दिसतं. २००३ मध्ये एक्सेटर सिटी लीगबाहेर पडला आणि कर्जात बुडाला, तेव्हा ट्रस्टने तो घेतला. २००८ मध्ये परत लीगमध्ये आले, २०२२ मध्ये लीग वनला. स्वतःच्या अकॅडमीत खेळाडू घडवून त्यांनी पैसा उभा केला. इंग्लंडकडून खेळलेला ऑली वॉटकिन्स तिथलाच. एएफसी विम्बल्डन २००२ मध्ये नवव्या पायरीवरून निघाला आणि २०१६ पर्यंत सहा बढत्या घेऊन लीग वनपर्यंत गेला, २०२० मध्ये प्लाउ लेनला घरी परतला.

वेळ लागतो. दरवर्षी बढतीचं स्वप्न दाखवता येत नाही. मला ते चालतं.

आपल्याकडे याचा काही संबंध?

थेट संबंध पुण्याचा. वेंकीजच्या राव कुटुंबाने नोव्हेंबर २०१० मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्स घेतला. तो नॉन-लीग नाही, १९९५ चा प्रीमियर लीग विजेता क्लब, तोही जॅक वॉकर या स्थानिक पोलाद उद्योजकाच्या पैशावर झालेला. २०१२ मध्ये तो प्रीमियर लीगमधून खाली आला, २०१७-१८ चा हंगाम तिसऱ्या पायरीवर काढला. मालकांनी वर्षानुवर्षं पैसे भरले, हे मान्य करायला हवं. पण भारतातल्या चौकशीमुळे पैसे पाठवायला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी लागायला लागली, तेव्हा लँकशायरमधल्या क्लबाला पगाराची चिंता करावी लागली. परावलंबन म्हणतात ते हे.

घरच्या आठवणीही आहेतच. महिंद्रा युनायटेड २००६ चा राष्ट्रीय विजेता, २०१० मध्ये कंपनीने संघ बंद केला. पुण्याचा डीएसके शिवाजियन्स २०१७ मध्ये मालकांच्या आर्थिक अडचणींबरोबर संपला. गोव्यात धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग यांनी २०१६ मध्ये आय-लीग सोडली ती वेगळ्या वादातून. पण धेंपोची मुळं गोव्याच्या मातीत होती, म्हणून तो क्लब जिवंत राहिला आणि २०२४-२५ मध्ये आय-लीगमध्ये परत दिसला.

आमच्या क्लबला असा मालक मिळत असेल तर काय विचारावं?

मैदान कोणाच्या नावावर राहील? घातलेला पैसा कर्ज म्हणून की भांडवल म्हणून? खेळाडूंचे करार किती वर्षांचे आणि त्यांची हमी कोणाची? युवा आणि महिला संघाचा खर्च वेगळा ठेवलाय का? मैदानाबद्दल टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा, बाकीच्या उत्तरांना अर्थ नाही.

सामना पाहायचा असेल तर?

इंग्लंडला आलात तर शनिवारी जवळचा क्लब शोधा. वरच्या लीगा आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी थांबतात तेव्हा ‘नॉन-लीग डे’ साजरा होतो, तो दिवस सुरुवातीला उत्तम. सव्वादोनला पोचा, सुटे पैसे आणि जाड मोजे बरोबर असू द्या. चहा टपरीवर घ्या, सोडतीचं तिकीटही घ्या. आमच्याकडे आलात तर सामन्यानंतर कोपऱ्यातल्या टेबलाशी या. काकांना नाणी मोजायला नेहमीच एक माणूस कमी असतो.